चष्म्याशिवाय त्रिमिती चित्र

एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. आधी फक्त डाव्या, मग फक्त उजव्या डोळ्याने त्याकडे पाहा. बोट सरकल्यासारखे वाटते ना? आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते. म्हणून प्रत्येक डोळ्याला थोडे वेगळे चित्र दिसते. मेंदू ती दोन्ही चित्रे एकत्र करतो आणि लांबी-रुंदीबरोबर खोलीही जाणवते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली हे आरशांच्या साहाय्याने दाखवून दिले.

सपाट पडद्यावर खोली दाखवायची, तर प्रत्येक डोळ्याला त्याचेच चित्र मिळाले पाहिजे. चित्रपटगृहात हे काम चष्मा करतो. चष्म्याशिवाय ते कसे साधेल? अमेरिकेतील फ्रेडरिक आइव्हज यांनी एक युक्ती काढली. तिचे पेटंट त्यांना १९०३ साली मिळाले. दोन चित्रांच्या बारीक उभ्या पट्ट्या करायच्या आणि त्या एकाआड एक मांडायच्या. त्यांच्यापुढे बारीक फटींची जाळी बसवायची. फटीतून डाव्या डोळ्याला डावीच पट्टी दिसते, उजव्याला उजवी.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने २०११ साली हीच युक्ती 'थ्रीडीएस' या हातात मावणाऱ्या खेळयंत्रात वापरली. पुढच्याच वर्षी त्यावर 'कलर्स! थ्रीडी' हा चित्रकलेचा कार्यक्रम आला. खालच्या पडद्यावर लेखणीने चित्र काढायचे आणि वरच्या पडद्यावर त्याची खोली पाहायची. डोंगर एका थरावर, झाड दुसऱ्यावर, पक्षी तिसऱ्यावर. पुढचा थर डाव्या डोळ्यासाठी किंचित उजवीकडे आणि उजव्या डोळ्यासाठी किंचित डावीकडे सरकतो. त्यामुळे पक्षी पडद्याच्या पुढे आल्यासारखा दिसतो.

मात्र या सोयीची किंमत मोजावी लागते. वरच्या पडद्यावर ८०० उभ्या ओळी असतात. प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ४०० येतात. डोके बाजूला झाले, की चित्र दुहेरी दिसते. काहींचे डोळे थकतात. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ही सोय दाखवू नये, अशी सूचना कंपनीनेच दिली होती. ज्यांना एकाच डोळ्याने दिसते, त्यांना तर ही खोली जाणवतच नाही.

म्हणूनच या यंत्रावर खोली कमीजास्त किंवा पूर्ण बंद करणारी सरकपट्टी होती. यंत्राचे उत्पादन २०२० साली थांबले, पण चित्रकारांनी तिच्याकडून घ्यावा असा धडा कायम आहे. पट्टी शून्यावर आणून आपले चित्र पाहावे. तेव्हाही ते सुंदर दिसले, तर ते सर्वांचे चित्र झाले.