संगणकाची स्मृती कशी ओळखावी?

उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्रावरील सावली वाचली की वेळ कळते. संगणकाची स्मृती, म्हणजे रॅम, मात्र पेटीआड दडलेली असते. म्हणून फ्रीगंजच्या बाजारात नवी रॅम घेण्यापूर्वी जुनी नीट ओळखणे अगत्याचे ठरते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’ उघडली असता रॅम किती गिगाबाइट, तिचा वेग किती आणि किती स्लॉट भरलेले, हे समजते. तथापि एवढ्याने भागत नाही. डीडीआर ३, ४ व ५ या पट्ट्यांना सामान्यतः अनुक्रमे १.५, १.२ व १.१ व्होल्ट दाब लागतो; त्यांची खाचही निरनिराळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पट्टीवरील चिठ्ठीवर ‘पीसी ४’ असल्यास ती डीडीआर ४ जाणावी. काही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच डाख देऊन जोडलेली असते. तेथे स्लॉट नसल्यास नव्या पट्टीवरचा खर्च व्यर्थच होय.