बोलोन्याचे अफाट आकडे

उत्तर इटलीतल्या बोलोन्याची लोकवस्ती चार लाखांच्या आत. आपलं कोल्हापूर त्याहून मोठं! पण या शहराचा हिशेब मांडायला घ्या आणि बघा.

आधी चालू या, पाऊस असला तरी छत्री नको. इथल्या घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, खाली कमानी, आणि कमानींखालून लोकांची वाट. तिला पोर्तिको म्हणतात. १२८८ मध्ये शहरानं फर्मान काढलं: घर बांधायचं तर पोर्तिको हवाच, तोही घोडेस्वार आरामात जाईल इतका उंच. जागा घरमालकाची, वाट साऱ्या गावाची! असे सगळे पोर्तिको एकापुढे एक जोडले तर भरतात ६२ किलोमीटर. सीएसएमटीहून निघा. दादर गेलं, ठाणे गेलं, कल्याण गेलं, अंबरनाथही मागे पडलं, तरी डोक्यावर छत आहेच! त्यातला एकच पोर्तिको, सान लुकाच्या टेकडीवर चढणारा, ३,७९६ मीटरचा. कमानी ६६६. म्हणजे जवळपास अख्खा मरीन ड्राइव्ह, छताखाली. तो बांधायला सुरुवात झाली १६७४ मध्ये. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला तेच वर्ष.

आता मान वर करा. आसिनेल्ली मनोरा, ९७ मीटर. कुतुबमिनारावर आठ मजली इमारत ठेवली तर बरोबरी होईल. आणि हा उभा राहिला तेव्हा कुतुबमिनाराचा पाया घालायला अजून ऐंशी वर्षं होती!

इथल्या विद्यापीठाचं जन्मवर्ष १०८८ मानतात. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. तेव्हा हे विद्यापीठ २०२ वर्षांचं होतं. मुंबई विद्यापीठ निघालं तेव्हा ७६९ वर्षांचं. इथेच कोपर्निकस शिकला. इथेच १७३२ मध्ये लाउरा बास्सी प्राध्यापक झाली, सावित्रीबाईंच्या पहिल्या शाळेच्या ११६ वर्षं आधी.

पण मला सर्वांत थोर वाटतो तो आकडा १२५६ चा. त्या वर्षी शहरानं स्वतःच्या तिजोरीतून पैसे मोजले आणि जमीनदारांकडचे ५,८५५ वेठबिगार सोडवले. चौदा वर्षांवरच्या माणसामागे १० लिरे, लहानांमागे ८. शयनयान डब्यात ७२ बर्थ धरा. वीस-वीस डब्यांच्या चार गाड्या गच्च भरतील, आणि वर दोन डबे लागतील! या लोकांची नावं ज्या वहीत नोंदली, तिला पुढे ‘स्वर्गाचं पुस्तक’ म्हणू लागले.

आणि आता सान पेत्रोनिओ चर्चमध्ये या. १६५५ साली तिशीतल्या खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीनं सुमारे २७ मीटर उंचीवर छताला एक बारीक भोक ठेवलं आणि खाली फरशीवर रेघ आखली. भरदुपारी उन्हाचा कवडसा त्या रेघेवर येतो. रेघेची लांबी ६६.८ मीटर, रेल्वेचे जेमतेम तीन डबे. पण ती वाटेल तशी ठरवलेली नाही. पृथ्वीच्या घेराचा बरोब्बर सहा लाखावा भाग! सहा लाख रेघा ओळीनं ठेवा: ४०,०८० किलोमीटर. मुंबई–पुणे रेल्वेनं १९२ किलोमीटर. जाऊन या, असे १०४ फेरे करा, मग १०५ व्यांदा निघून लोणावळा ओलांडा, तेव्हा कुठे पृथ्वीला एक वळसा पुरा होतो.

ती रेघ आजही तिथेच आहे. गेलात तर लख्ख उन्हाचा दिवस निवडा, सूर्य माथ्यावर यायच्या थोडं आधी पोचा आणि नजर फरशीवर ठेवा.