अहंकार, स्वाभिमान आणि अपयशाची जबाबदारी

मराठीत 'अभिमान' हा शब्द मोठा लवचिक आहे. संतवाङ्मयात तो टाकून देण्याचा दोष. आजच्या व्यवहारात मात्र 'मला तुझा अभिमान वाटतो' हे कौतुकाचे वाक्य. त्याला 'स्व' जोडला की सद्गुण होतो आणि 'दुर्' जोडला की अवगुण. बाहेरून पाहता दोन्ही माणसे ताठ मानेनेच चालतात. त्यांच्यातील भेद उघड होतो तो काम फसल्यावर.

यश मिळाले तर ते माझ्या गुणांमुळे आणि अपयश आले तर ते परिस्थितीमुळे, असे मानण्याकडे मनुष्याचा स्वाभाविक कल असतो. मानसशास्त्राने विसाव्या शतकात त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण त्याहून कितीतरी जुनी आहे. पैशाचा स्वार्थ चटकन दिसतो. श्रेय आपल्याकडे ओढून दोष दुसऱ्याच्या पदरात घालण्याचा स्वार्थ मात्र सहसा कोणाच्या नजरेस येत नाही, करणाऱ्याच्या तर नाहीच.

या संदर्भात श्रीहरिकोटा येथील एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. 10 ऑगस्ट 1979 रोजी भारताच्या एसएलव्ही-3 या प्रक्षेपकाचे पहिले प्रायोगिक उड्डाण अयशस्वी झाले आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. संगणकाने उड्डाण रोखण्याचा संकेत दिला असताना सहकाऱ्यांच्या सल्ल्यानुसार तो बाजूला सारण्याचा निर्णय आपलाच होता, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. म्हणजे बोट दाखवायला माणूस समोर होता. तरीही 'इस्रो'चे अध्यक्ष प्रा. सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर अपयश संस्थाप्रमुख या नात्याने स्वतःवर घेतले आणि आपल्या तुकडीवर विश्वास व्यक्त केला. 18 जुलै 1980 रोजी याच प्रक्षेपकाने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा पत्रकार परिषद घेण्यास त्यांनी कलाम यांना पुढे केले. कलाम ही आठवण आयुष्यभर सांगत राहिले. दोष पत्करल्याने धवन यांचे काहीच उणे झाले नाही. अहंकाराला हे जमत नाही, कारण त्याची सारी प्रतिष्ठा लोकांच्या नजरेवर तोललेली असते.

मग आत्मसन्मान आधी की जबाबदारी आधी? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नावर चक्क सरकारी प्रयोग केला. विधिमंडळ सदस्य जॉन व्हास्कॉन्सेलोस यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये तेथे एक कार्यदल स्थापन झाले. आत्मसन्मान वाढला की गुन्हेगारी, व्यसने, शाळागळती यांना आळा बसेल, अशी त्यामागची श्रद्धा होती. कार्यदलाच्या अधिकृत नावात 'आत्मसन्मान' या शब्दाबरोबर 'वैयक्तिक आणि सामाजिक जबाबदारी' हेही शब्द होते. 1990 मध्ये अहवाल आला आणि ती लाट शाळाशाळांत पोहोचली. पोहोचला तो मुख्यतः नावाचा पहिला भाग. कारणाशिवाय कौतुक करणे जबाबदारी शिकवण्यापेक्षा फारच सोपे असते!

2003 मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. आत्मसन्मान वाढवल्याने शैक्षणिक प्रगती होते, याला आधार मिळाला नाही. उलट चांगल्या कामगिरीमुळे आत्मसन्मान काही अंशी वाढत असावा, असे दिसले. शिवाय स्वतःविषयी उच्च मत बाळगणाऱ्यांत समाधानी माणसे होती, तशीच आत्ममग्न आणि बढाईखोर माणसेही होती.

त्याआधी, 1998 मध्ये, क्लॉडिया म्युलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी शाळकरी मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले होते. काही मुलांच्या हुशारीची स्तुती झाली, काहींच्या परिश्रमांची. पुढच्या अवघड कोड्यांत दोन्ही गटांना अपयश आले. हुशार म्हणवले गेलेल्यांचा उत्साह लवकर मावळला. इतकेच नव्हे, तर आपले गुण इतरांना कळवताना ते वाढवून सांगणारी मुलेही याच गटात अधिक होती. फुकटच्या मोठेपणाला जपण्यासाठी खोट्याचा आधार घ्यावा लागला.

याचा अर्थ आत्मसन्मान निरुपयोगी आहे, असा नव्हे. तो असलेली माणसे अधिक आनंदी असतात आणि अपयशानंतर अधिक काळ चिकाटी धरतात, असेही 2003 च्या आढाव्यात आढळले. म्हणूनच संशोधकांनी कौतुकाला विरोध केला नाही. ते सद्वर्तनाशी आणि स्वतःत घडवलेल्या सुधारणेशी जोडावे, एवढेच सुचवले.