सवय आणि स्वप्रतिमा

सवय म्हणजे ठरावीक परिस्थितीत वारंवार केल्यामुळे फारसा विचार न करता आपोआप घडू लागलेली कृती होय. स्वप्रतिमा म्हणजे आपण कोण आहोत, कोणत्या प्रकारची व्यक्ती आहोत याविषयी माणसाच्या मनात असलेली धारणा. या दोहोंचा परस्परसंबंध हा मानसशास्त्रातील, विशेषतः सामाजिक मानसशास्त्रातील अभ्यासाचा विषय आहे. माणूस स्वतःकडे ज्या दृष्टीने पाहतो त्याला साजेशी कृती तो करतो, आणि केलेल्या कृतीवरून स्वतःविषयीचे मतही बनवतो, असे या संबंधाचे दुहेरी स्वरूप मानले जाते. यांतील दुसरी बाजू प्रयोगांनी अधिक लवकर पुढे आली. पहिल्या बाजूविषयी अद्याप मतभेद आहेत.

शब्द आणि पूर्वविचार

मराठीत या कल्पनेसाठी अनेक शब्द असून त्यांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. 'सवय' हा सर्वसाधारण शब्द आहे. 'वळण' हा शब्द मुलांच्या वागणुकीला आणि हस्ताक्षरालाही लावला जातो. दोन्ही ठिकाणी गिरवण्याची, म्हणजे पुनरावृत्तीची कल्पना अभिप्रेत असते. कृती 'अंगवळणी पडते' तेव्हा ती मनाकडून शरीराकडे गेली असे सुचवले जाते. 'खोड' मात्र माणसाच्या स्वभावालाच चिकटलेली असते. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' या म्हणीत सवय आणि व्यक्ती एकच मानली आहे. आधुनिक संशोधनाला ही म्हण पूर्णपणे मान्य होणार नाही, याचे कारण पुढे येते.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने 'निकोमाखियन नीतिशास्त्र' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात नैतिक सद्गुण जन्मजात नसून अभ्यासाने येतात, असे प्रतिपादन केले. घरे बांधून माणूस गवंडी होतो, त्याप्रमाणे न्याय्य कृत्ये करून तो न्यायी होतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. उत्कृष्टता ही कृती नसून सवय आहे, अशा आशयाचे एक वाक्य ॲरिस्टॉटलच्या नावावर सर्रास छापले जाते. ते त्याचे नाही. अमेरिकन लेखक विल ड्युरंट यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासात ॲरिस्टॉटलच्या विचाराचा सारांश सांगताना ते लिहिले आहे.

भारतीय परंपरेत पतंजलीच्या योगसूत्रांतील समाधिपादात 'अभ्यास' या संकल्पनेचे विवेचन येते. दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदरपूर्वक केलेला अभ्यास दृढ होतो, असे तेथे म्हटले आहे. कालावधी आणि सातत्य यांच्या जोडीने कर्त्याच्या भावाचीही अट घातलेली असल्याने हा विचार प्रस्तुत विषयाच्या विशेष जवळचा आहे. प्रत्येक कृती चित्तावर 'संस्कार' सोडते आणि तो पुढील कृतीला कारण होतो, ही कल्पनाही योगदर्शनात आहे.

आधुनिक मानसशास्त्रात विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मानसशास्त्राची तत्त्वे' या ग्रंथातील सवयीवरील प्रकरण मूलभूत समजले जाते. वारंवार वापरामुळे मज्जासंस्थेत मार्ग पडतात, असे त्यांचे मत होते. नवी सवय जोमाने सुरू करावी आणि ती मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, हा स्कॉटिश विचारवंत अलेक्झांडर बेन यांच्याकडून घेतलेला सल्लाही त्यांनी दिला. तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव घट्ट होऊन बसतो, असेही ते मानत.

पुनरावृत्तीची यंत्रणा

एखादी कृती एकाच संदर्भात, म्हणजे त्याच जागी, त्याच वेळी किंवा एखाद्या ठरलेल्या घटनेनंतर पुन्हा पुन्हा केली, की तो संदर्भच कृतीचा इशारा बनतो. सुरुवातीला कृतीमागे उद्दिष्ट असते. पुढे उद्दिष्ट बाजूला राहते आणि इशारा मिळताच कृती घडते. मेंदूतील बेसल गँग्लिया या भागाचा यात मोठा वाटा आहे. ॲन ग्रेबिएल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे उंदरांना चक्रव्यूहात धावायला शिकवले. वाट सरावाची झाल्यावर या भागातील चेतापेशींची हालचाल धावेच्या सुरुवातीला आणि शेवटी एकवटते, मधल्या टप्प्यात मंदावते, असे त्यांना आढळले. मेंदू जणू संपूर्ण कृतीची एकच मोळी बांधतो.

वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आपण काय करत आहोत याची दर तासाला नोंद करण्यास सांगितले होते. नोंदवलेल्या वर्तनापैकी सुमारे ४३ टक्के वर्तन जवळजवळ रोज आणि बहुधा त्याच ठिकाणी घडणारे होते. वुड यांच्याच गटाचा २०११ मधील एक प्रयोग अधिक बोलका आहे. चित्रपटगृहात काही प्रेक्षकांना ताजे, तर काहींना आठवडाभर आधी केलेले शिळे पॉपकॉर्न देण्यात आले. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, जरी ते त्यांना आवडले नव्हते. बैठकीच्या खोलीत, किंवा नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितले असता, हा परिणाम दिसला नाही. अशा प्रसंगी खाणारा 'मी असा माणूस आहे' म्हणून खात नाही. खुर्ची, अंधार आणि हातातला डबा त्याला खायला लावतात. स्वप्रतिमेवर सर्व भर देणाऱ्या मतांना हा प्रयोग आडवा येतो.

किती दिवस लागतात?

सवय २१ दिवसांत लागते, हा समज मराठी वाचकांतही रूढ आहे. त्याचा उगम अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० मधील 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असे निरीक्षण माल्ट्झ यांनी नोंदवले होते. पुढे सांगोवांगी 'किमान' हा शब्द गळून पडला आणि चेहऱ्याचे निरीक्षण सर्व सवयींचा नियम होऊन बसले. मूळ निरीक्षण सवयीचे नव्हतेच, तर स्वप्रतिमेचे होते, ही त्यातली गंमत.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांचा ८४ दिवस अभ्यास केला. प्रत्येकाने खाणे, पिणे किंवा व्यायाम यांच्याशी संबंधित एक कृती निवडून ती रोज एका ठरलेल्या प्रसंगी करायची होती. कृती आपोआप घडण्याच्या कमाल पातळीजवळ पोहोचण्यास लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ आला. परंतु व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. यातील वरचा आकडा अभ्यासाच्या कालावधीपलीकडचा असून तो गणिती अंदाजाने काढलेला आहे. पाणी पिण्यासारख्या सोप्या कृती लवकर मुरल्या, व्यायामाला अधिक काळ लागला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रमात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे एकही अपवाद नको, हा जेम्स यांचा आग्रह या बाबतीत टिकला नाही.

कृतीवरून स्वतःची ओळख

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी १९६७ ते १९७२ या काळात 'आत्मसंवेदन सिद्धान्त' मांडला. स्वतःच्या भावना व मते अस्पष्ट असतात तेव्हा माणूस त्रयस्थाप्रमाणे आपलेच वर्तन पाहतो आणि त्यावरून आपण कसे आहोत याचा निष्कर्ष काढतो, असे या सिद्धान्ताचे सार आहे. रोज पहाटे फिरायला जाणारा मनुष्य काही महिन्यांनी स्वतःला 'पहाटे उठणारा' म्हणू लागतो. ही ओळख आधी नव्हती, पावलांनी ती घडवली.

त्याच सुमारास, १९६६ मध्ये, जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. घराच्या अंगणात सावकाश वाहन चालवण्याविषयीचा मोठा, बेढब फलक लावू द्यावा, अशी विनंती रहिवाशांना करण्यात आली. पूर्वी कोणताही संपर्क न झालेल्यांपैकी १७ टक्क्यांहून कमी लोकांनी होकार दिला. ज्यांनी दोन आठवड्यांपूर्वी सुरक्षित वाहनचालनाविषयीची छोटीशी पट्टी लावण्याचे मान्य केले होते, त्यांच्यात हे प्रमाण ७६ टक्के होते. छोट्या होकारानंतर माणूस स्वतःला 'अशा कामांत सहभागी होणारा' समजू लागतो, असे स्पष्टीकरण संशोधकांनी सुचवले. हे तंत्र विक्रेते आणि वर्गणी मागणारे पूर्वीपासून जाणून होते.

दीर्घकालीन बदलाचे उत्तम उदाहरण रक्तदानाचे आहे. जेन पिलियाव्हिन आणि पीटर कॅलेरो यांनी १९९१ मधील पुस्तकात दाखवले, की पहिल्या रक्तदानामागे मित्रांचा आग्रह किंवा शिबिरातील वातावरण अशी बाहेरची कारणे असतात. दानांची संख्या वाढत जाते तशी ती कारणे मागे पडतात आणि 'मी रक्तदाता आहे' ही भूमिका पुढील दानाचा आधार बनते. रक्तदान महिन्यामहिन्यांच्या अंतराने होत असल्याने ते दात घासण्यासारखे आपोआप होणे शक्य नाही. तेथे टिकाव धरते ती यांत्रिकता नव्हे, तर ओळख.

महाराष्ट्रात वारकरी परंपरेत हीच गोष्ट भाषेतच मुरलेली दिसते. 'वारी' नियमाने करणारा तो 'वारकरी'. म्हणजे संज्ञाच पुनरावृत्त कृतीवरून पडली आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस 'माळकरी' होतो आणि मांसाहार व मद्य वर्ज्य करतो. त्याला ताटावर बसून दर वेळी नव्याने निश्चय करावा लागत नाही, आणि आग्रह करणाऱ्यालाही 'ते माळकरी आहेत' एवढे कारण पुरते. येथे ओळख केवळ मनात नसते. माळ ती सर्वांना दिसेल अशी ठेवते, एकादशी व वारी ठरावीक दिवशी तिची उजळणी करतात आणि दिंडीतील सोबती ती जपतात.

मापनाचा वाद

सवय आणि स्वप्रतिमा एकच की वेगळ्या, हा प्रश्न मापनाच्या निमित्ताने उभा राहिला. बास व्हरप्लँकेन आणि शीना ऑर्बेल यांनी २००३ मध्ये सवय मोजण्यासाठी १२ विधानांची प्रश्नावली तयार केली. ही कृती खास 'माझी' आहे, अशा अर्थाचे एक विधान तिच्यात होते. बेंजामिन गार्डनर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तिची ४ विधानांची संक्षिप्त आवृत्ती सुचवली; तीत फक्त आपोआप घडण्याविषयीची विधाने ठेवून ओळखीचे विधान वगळले. त्यामागील तर्क सबळ आहे. नखे कुरतडणारा माणूस त्या सवयीला आपली ओळख मानत नाही, उलट तिची त्याला लाज वाटते. दुसरीकडे, मतदान हा अनेकांच्या नागरिकत्वाच्या जाणिवेचा गाभा असतो, पण काही वर्षांतून एकदा होणारे ते सवय ठरत नाही. व्हरप्लँकेन यांनी जी सुई यांच्यासह २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मध्यम भूमिका घेतली: सर्वच सवयी ओळखीशी जोडलेल्या नसतात, ज्या माणसाच्या मूल्यांशी जुळतात त्या जोडल्या जातात.

ओळख आधी बदलून वर्तन बदलता येते का, याविषयीचे पुरावे संमिश्र आहेत. २०११ मध्ये ख्रिस्तोफर ब्रायन आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले, की अमेरिकेत निवडणुकीआधी 'मतदान करणे' याऐवजी 'मतदार असणे' अशी शब्दयोजना केलेली प्रश्नावली भरणाऱ्यांत मतदानाचे प्रमाण वाढले. २०१६ मध्ये ॲलन गर्बर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगात असा परिणाम आढळला नाही. यावरून केवळ शब्द बदलून ओळख बदलते असे मानणे धाडसाचे ठरते.

व्यसनमुक्ती आणि एक धोका

या विषयाचे सर्वांत गंभीर उपयोजन व्यसनमुक्तीत आहे. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात पाठपुरावा केला. तेथे सुमारे पाचातील एक सैनिक व्यसनाधीन झाला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी थोडेच, सुमारे ५ टक्के, पुन्हा व्यसनात अडकले. परिसर, सोबती, भीती आणि सैनिकाची भूमिका हे सारे एकदम सुटले होते. वर दिलेल्या म्हणीला हा अभ्यास मोठा अपवाद आहे. घर आणि गल्ली न बदलता उपचार घेणाऱ्यांना मात्र हा लाभ मिळत नाही.

स्वप्रतिमेवर भर देण्याचा धोका ॲलन मार्लॅट यांच्या कामातून स्पष्ट होतो. व्यसन सोडलेल्या व्यक्तीकडून एकदा चूक झाली, तर ती 'आज पाय घसरला' असे म्हणते की 'मी मुळातच दुबळा आहे' असे म्हणते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. चूक स्वभावाच्या माथी मारली गेली, की एका प्याल्याचे रूपांतर पुन्हा सुरू झालेल्या व्यसनात होण्याची शक्यता वाढते. जी ओळख संयमाला बळ देते, तीच अति कठोर असल्यास पहिल्या तड्यासरशी कोसळते. म्हणून मार्लॅट यांच्या पद्धतीत घसरण होऊ शकेल असे प्रसंग आधीच ओळखून त्यांची तयारी करून घेतली जाते.

लोकप्रिय मांडणी

चार्ल्स डुहिग यांचे २०१२ मधील आणि जेम्स क्लिअर यांचे 'ॲटॉमिक हॅबिट्स' हे २०१८ मधील पुस्तक यांनी हा विषय जगभर पोहोचवला. क्लिअर यांच्या मते फळाचा विचार करण्याऐवजी 'आपल्याला कोण व्हायचे आहे' येथून आरंभ करावा आणि प्रत्येक छोटी कृती त्या ओळखीच्या बाजूने दिलेले मत समजावी. ही मांडणी बेम यांच्या सिद्धान्ताशी जुळते. मात्र दररोज १ टक्का सुधारणा केल्यास वर्षाअखेरीस ३७ पट प्रगती होते, हे त्यांचे गणित चक्रवाढ व्याजाचे आहे, सवयीचे नव्हे. लॅली यांच्या अभ्यासातील आलेख नेमका उलट जातो: सुरुवातीच्या पुनरावृत्त्यांनी सवय झपाट्याने वाढते, नंतरच्यांचा परिणाम कमी कमी होत जातो आणि शेवटी रेषा सपाट होते.