उपदेशकाची भाकर

कीर्तनकाराने बिदागी घ्यावी की न घ्यावी, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ख्रिस्ती धर्मसंघातही हाच प्रश्न पहिल्या शतकापासून चालत आला आहे. उपदेशकाने मंडळीच्या वर्गणीवर राहावे, की एखादा धंदा करून स्वतःचे पोट भरावे? प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. परंतु खरोखर तो उपदेशकाच्या शब्दाला किती मोकळीक राहते, याचा आहे.

या विचाराचा आरंभ प्रेषित पौलापासून करावयास हवा. पौल हा राहुट्या करणारा कारागीर होता. इ. स. ५० च्या सुमारास तो करिंथ नगरात आला, तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याकडे उतरला. त्यांचाही व्यवसाय तोच. आठवडाभर काम करावे आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलावे, असा त्याचा क्रम होता. ग्रीक समाजातील प्रतिष्ठितांना अंगमेहनत कमीपणाची वाटे. उलट पैसे घेऊन तत्त्वज्ञान सांगणारे वक्ते गावोगाव हिंडत. आपणही त्यांतलेच एक ठरू नये, अशी पौलाची इच्छा असावी. तथापि त्याने याचा नियम केला नाही. प्रचारकाला निर्वाह मागण्याचा हक्क आहे, असे त्याने मळणीच्या बैलाचा दाखला देऊन मांडले, आणि मग आपण तो हक्क बजावला नाही, असे सांगितले. फिलिप्पै येथील मंडळीने पाठविलेले साहाय्य मात्र त्याने आनंदाने स्वीकारले. हक्क असणे आणि तो सोडणे, या दोन्ही गोष्टी त्याने एकत्र सांभाळल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेशी जोडलेले आहे. विल्यम कॅरी (१७६१–१८३४) हा मूळचा चांभारकाम शिकलेला इंग्रज. मायदेशी असताना तो धर्मोपदेश करी, शाळा चालवी आणि जोडेही शिवी. १७९३ मध्ये तो बंगालमध्ये आला. जवळचे पैसे लवकरच संपले, तेव्हा १७९४ मध्ये त्याने मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरली. आपल्याला आता पैसे पाठवू नयेत, असे त्याने संस्थेला कळविले. आभाराऐवजी उत्तर आले ते सावधगिरीचे : धंद्याच्या नादात मूळ कार्य विसरू नये! कॅरीला ते लागले; कारण उदरनिर्वाहापुरते ठेवून बाकीचे सारे तो प्रचारकार्यावरच खर्च करीत होता.

१८०० मध्ये तो डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपूर येथे गेला. तेथे कॅरी, शिक्षक मार्शमन आणि मुद्रक वॉर्ड यांनी एकत्र कुटुंबासारखी व्यवस्था केली. पंगत एक, तिजोरी एक. खाजगी नफा कोणीही करावयाचा नाही. शाळेचे, छापखान्याचे आणि कॅरीच्या पगाराचे उत्पन्न एकाच निधीत जाई. हा पगार कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा. १८०१ मध्ये तो तेथे बंगालीचा अध्यापक झाला आणि पुढे मराठीही शिकवू लागला. त्या अध्यापनातूनच १८०५ चे मराठी व्याकरण व १८१० चा मराठी कोश निर्माण झाला. पंडित वैजनाथ यांचे त्यास साहाय्य होते. पोटासाठी पत्करलेल्या कामाचे हे फळ मराठीच्या वाट्याला आले.

परंतु या व्यवस्थेलाही एक अडचण होती. पगार देणारे सरकार कंपनीचे. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावानंतर त्याच सरकारने प्रचारकार्यावर निर्बंध घातले. मंडळीच्या वर्गणीतून सुटलेला मनुष्य दुसऱ्या धन्याच्या हाती सापडू शकतो, हा त्याचा अर्थ.

विसाव्या शतकात फ्रान्समध्ये हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. कामगारवर्ग चर्चपासून दुरावला, हे पाहून काही कॅथलिक धर्मगुरू झगा उतरवून कारखान्यांत आणि गोद्यांत कामाला गेले. जाक लव्ह हे १९४१ मध्ये मार्सेय बंदरात हमाली करू लागले. येथे हेतू पैसे वाचविण्याचा नव्हता. ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांचे जिणे जगण्याचा होता. पुढे यांतील काहीजण कामगार संघटनांत आणि संपांतही उतरले. रोमला धास्ती वाटली आणि १९५४ मध्ये या प्रयोगावर कडक बंधने आली. काहींनी आज्ञा पाळली, काहींनी काम सोडले नाही. १९६५ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली.

या तीन उदाहरणांवरून असे दिसते की, स्वकष्टाने मिळविलेली भाकर उपदेशकावरचा स्वार्थाचा संशय दूर करते. पण तिला वेळेची आणि शक्तीची किंमत द्यावी लागते. दिवसभर राबलेल्या माणसाला आजाऱ्याच्या उशाशी बसावयास किती उसंत मिळणार? म्हणून पगारी उपदेशक हलका आणि कमावता थोर, असा निवाडा करणे योग्य नव्हे. पैसा कोठून येतो यापेक्षा, तो देणाऱ्याला न रुचणारे सत्य उपदेशक बोलू शकतो की नाही, हे पाहिले पाहिजे. पौल करिंथकरांना खडे बोल सुनावू शकला, त्यात त्यांच्यावर त्याचे काही देणे नव्हते, याचाही वाटा होता.