ढगात शिरलं की कान खोटं बोलतात

गरगर फिरून मूल थांबतं, पण त्याच्यासाठी घर फिरतच राहतं. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतल्या द्रवाची ही करामत. आपण वळायला लागलो की तो द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. वळण एकाच गतीनं सुरू राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रवही तीच गती पकडतो, आणि मेंदूला वाटतं, आपण सरळ चाललोय!

जमिनीवर डोळे ही चूक सुधारतात. ढगात क्षितिजच नसतं. छोटं विमान हळूच एका पंखावर कलतं, वैमानिकाला पत्ता नसतो. मग उंची घटताना दिसते, तो नाक वर खेचतो. पण विमान कललेलं असल्यानं वळण आणखी आवळतं आणि घसरण वाढते. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठानं अशा उड्डाणाचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना ढगासारख्या परिस्थितीत विमान चालवायला लावलं. सगळ्यांचा ताबा सुटला, तोही सरासरी १७८ सेकंदांत.

म्हणून भरवसा उपकरणांवर. पण तीही दगा देतात. जुन्या छोट्या विमानांत कृत्रिम क्षितिज दाखवणारी चकती इंजिनावरच्या पंपानं ओढलेल्या हवेवर फिरते. पंप बंद पडला तर ती एकदम थांबत नाही. मंदावत जाते, आणि उपकरण हळूहळू चुकीचं सांगू लागतं. कपटीपणा म्हणतात तो हाच! वळण दाखवणारं उपकरण बहुधा विजेवर चालतं, त्यामुळे दोन्हींची पडताळणी करता येते. बिघडलेलं उपकरण मात्र वैमानिक सरळ कागदानं झाकून टाकतात.