कातणे शिकविणारी पुस्तके : आज्ञार्थ आणि संकेतार्थ

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील गाव. भोवतालच्या तापीखोऱ्यात कापूस हे जुने पीक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला आणि खानदेशी कापसाची मागणी एकाएकी वाढली. पुढे लोहमार्ग आले. गाठी बांधलेला कापूस बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचे सूत व कापड आत येऊ लागले. या व्यवहारात घरातील कातणे मागे पडले. विसाव्या शतकात ते पुन्हा शिकण्याची वेळ आली, तेव्हा आईच्या शेजारी बसून मुलीने उचलावयाची ही विद्या अनेकांना पुस्तकातून मिळवावी लागली. हाताला ठाऊक असलेली गोष्ट वाक्यात कितपत उतरते, हा प्रश्न या पुस्तकांमुळे भाषेच्या अभ्यासकापुढेही उभा राहतो.

अशा पुस्तकांची परंपरा लहान नाही. मगनलाल गांधी यांचे ‘चरखाशास्त्र’ १९२४ मध्ये निघाले. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड ग्रेग व मगनलाल यांनी मिळून टकळीवरील कातणे शिकविणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. पुणतांबेकर व वरदाचारी यांचा हातकताई व हातमाग यांवरील प्रबंधही १९२६ चाच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणारे विनोबा भावे यांनीही कातण्याला ‘मूल उद्योग’ मानून त्यावर पुस्तक लिहिले. १९३७ च्या वर्धा शिक्षणयोजनेत कातण्याला शाळेत स्थान मिळाले, तेव्हा अशा लेखनाची गरज शिक्षकांनाही भासली.

खानदेशातील वाचकाला पहिली अडचण नावांची होती. हे लेखन बहुतांशी गुजराती, हिंदी व इंग्रजी यांतून आले. गुजरातीतील ‘त्राक’ आणि हिंदीतील ‘तकुआ’ म्हणजे मराठीतील ‘चाती’. दोन्हीकडची ‘पूणी’ किंवा ‘पूनी’ म्हणजे आपला ‘पेळू’. ही अडचण मात्र वरवरची होय. वस्तू समोर ठेवली की नाव कळते. क्रियापदांचे तसे नाही. ‘पेळू हलकेच धरा, धागा सारखा ओढा’ अशा सूचनेतील एकही शब्द अवघड नाही. तरीही कधीही न कातलेल्या वाचकाला तिच्यातून काहीच कळत नाही. ‘हलकेच’ म्हणजे किती, हे ज्याच्या बोटांना आधीच माहीत आहे त्यालाच ती सूचना समजते. गुरू समोर असता तर त्याने बोट धरून दाखविले असते. पुस्तकातील आज्ञार्थाला हात नसतो.

शिवाय ‘सारखा ओढा’ ही आज्ञा कारणाविषयी चुकीची समजूत करून देते. धाग्याचा सारखेपणा केवळ हाताच्या स्थिरतेतून येतो, असे नवशिका मानतो व हात आवळून धरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. पीळ बारीक जागी आधी धावतो आणि तेथील तंतू घट्ट होतात. जाड जागी पीळ कमी राहतो व तेथील तंतू अद्याप एकमेकांवरून सरकू शकतात. अशा वेळी धागा थोडा आणखी ताणला की बारीक भाग टिकून राहतो आणि जाड भाग लांबून बारीक होतो. सारखेपणाचे निम्मे काम पीळच करतो. हाताने फक्त पिळाच्या पुढे वा मागे न पडण्याची खबरदारी घ्यावयाची असते.

हे कारण सांगणारे वाक्य स्वभावतःच ‘जर–तर’ असे, संकेतार्थी होते. धागा चातीच्या टोकाशी तिरपा धरला, तर प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून निसटतो व त्यात पीळ भरतो. काटकोनात धरला, तर तो चातीवर गुंडाळला जातो. सैल सोडताच धाग्याला आढ्या पडू लागल्या, तर पीळ जास्त झाला. ओढताच तंतू निसटून धागा सुटला, तर पीळ कमी पडला. या वाक्यांत आज्ञा नाही, पण चूक ओळखण्याची खूण आहे. एकट्याने शिकणाऱ्याला गुरूच्या जागी हीच खूण उपयोगी पडते.

गणितही येथे मदतीला येते. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका सुताचा अंक. ताण्याच्या सुतासाठी अंकाच्या वर्गमुळाला ४ ने गुणले असता दर इंचातील पिळांची संख्या साधारणतः मिळते. म्हणजे १६ अंकी सुताला इंचामागे १६ पीळ. चाकाचा व्यास २० इंच व चातीचा पाव इंच असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती ८० वेळा फिरते. २० इंच धाग्याला ३२० पीळ हवेत, म्हणजे चाकाचे चार फेरे; माळ घसरते त्या मानाने थोडे अधिक. ‘पुरेसा पीळ द्या’ या आज्ञेपेक्षा ‘चार फेरे’ हे शब्द नवशिक्याला अधिक आधार देतात. तरीही ते चार फेरे पुरे झाले की नाहीत, याचा निर्णय आढीच्या खुणेनेच करावा लागतो.

मराठी बोलीत ‘सूत जुळणे’, ‘सुतावरून स्वर्ग गाठणे’, ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ हे प्रयोग आजही सहज येतात. पिळाचा शब्द राहिला. तो ओळखणारी बोटे बहुतेक घरांतून गेली. एखादे कौशल्य ज्या भाषेत बोलले जाते त्या भाषेत ते जिवंत आहेच, असे म्हणता येत नाही. नरडाण्याच्या शिवारात कापूस वेचणाऱ्याला उद्या पुस्तकावरून कातावेसे वाटले, तर त्याचे यश पुस्तकाने किती आज्ञा दिल्या यावर अवलंबून राहणार नाही. धागा तुटल्यावर तो का तुटला, हे त्याला त्या पुस्तकातून कळते काय, यावरच ते ठरेल.